डब्यातला शब्द

शाळेत तिला पट्टीबाई म्हणत. पट्टीने हातावर मारणारी म्हणून हे नाव पडलं असेल असं नव्या पालकांना वाटे आणि पहिले चार दिवस ते तिच्याशी जपून बोलत. पण तिची पट्टी होती कापडाची. तीन बोटं रुंद, वीतभर लांब, कडा दुमडून शिवलेली. जुन्या चादरी, उशांचे अभ्रे, विटलेले पडदे, घरातलं काहीही कात्रीतून सुटत नसे. चौथीच्या वर्गात फळ्याशेजारी तिने एक मोठा कापडी फलक टांगला होता, त्याला तीन रांगा खिशांच्या. डावीकडच्या खिशांत लाल पट्ट्या, मधल्या खिशांत पांढऱ्या, उजवीकडे निळ्या. लाल पट्टीवर शब्दाच्या पुढे लागणारं अक्षर, निळीवर मागे लागणारं, आणि पांढरी म्हणजे मूळ.

"पांढरी पट्टी म्हणजे घरातलं माणूस," ती पोरांना सांगे. "लाल पट्टी दारात उभी राहते आणि त्या माणसाचं तोंड कुठे वळवायचं ते ठरवते. निळी पट्टी त्याच्या हातात काम देते. आता बघा, हे 'शिस्त'. बिचारं सरळ माणूस. दारात 'बे' येऊन उभा राहिला की झालं बेशिस्त. मागून 'पणा' आला की त्या बेशिस्तीचा झाला बेशिस्तपणा. घर तेच, माणूस तेच, पण गल्लीत नाव किती खराब झालं बघा!"

पोरं हसत, उठत, पट्ट्या लावत. 'समज'पुढे 'गैर' लागला की भांडण सुरू होतं आणि मागे 'दार' लागला की भांडण मिटतं, हे चौथीतल्या पोराला कळलं की ते जन्मात विसरत नाही. 'हार'च्या दारात तर तिने रांगच लावली होती: प्रहार, विहार, संहार, उपहार. एकच माणूस, कधी मारतो, कधी फिरायला नेतो, कधी भेट देतो.

पण तिची खरी करामत तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत असे. पट्ट्या जुळवून शब्द तर कोणीही करेल. तो खरा कशावरून? त्यासाठी तिच्या वर्गाचा एक रिवाज होता, साक्षीचा. शब्द केला की ती विचारी, "साक्ष?" मग कोणीतरी दोघांनी उठून सांगायचं, हा शब्द कुठे ऐकला, कुठे वाचला. दुकानदाराच्या तोंडी, आईच्या, बसवर लिहिलेला, वर्तमानपत्रात. दोन साक्षी निघाल्या की शब्द भिंतीवर. नाही निघाल्या, की अख्खा वर्ग एका सुरात ओरडे, "डब्यात!"

डबा बिस्किटांचा, पत्र्याचा, टेबलाखाली असे. बांधणी चोख पण कोणाच्या तोंडी नाहीत, असे शब्द एकेका पांढऱ्या पट्टीवर लिहिलेले त्यात पडून राहत. उपसासू, कुचहा, गैरझोप, पुनर्रुसवा. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी डबा उघडायचा आणि कोणाला साक्ष मिळाली का ते बघायचं. बेशिस्तपणासुद्धा एका वर्षी दोन महिने डब्यात पडला होता. मग एका सकाळी प्रार्थनेला उशीर झाला म्हणून हेडमास्तर व्हरांड्यात गरजले, "काय बेशिस्तपणा चाललाय हा!" आणि चौथीची बेचाळीस पोरं एकदम टाळ्या पिटत ओरडली, "साक्ष! साक्ष!" हेडमास्तरांना त्या दिवशी काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

डब्यातल्या शब्दांची यादी तिच्या जाडजूड वहीच्या मागच्या पानांवर असे. प्रत्येक शब्दापुढे गमतीने अर्थ आणि एक वाक्य. त्या पानांच्या डोक्यावर 'हे शब्द नाहीत' असं तिने कुठे लिहिलं नव्हतं. नुसता एक छोटा चौकोन काढून त्यावर झाकण रेखाटलेलं होतं. वर्गातल्या कोणत्याही पोराने ते बघताक्षणी सांगितलं असतं, की बाई, हा डबा.

तिची धाकटी जाऊ मात्र सांगू शकली नसती.

धाकटी त्याच शाळेत तीन वर्षं शिक्षिका होती. चुणचुणीत, बोलण्यात गोड, नीटनेटकी. पट्टीबाईच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायची, भराभर लिहून घ्यायची. पण तिची बस पाच वाजून दहा मिनिटांची, म्हणून तास संपायच्या दहा मिनिटं आधी ती पर्स उचलून पाय न वाजवता निघून जायची. तीन वर्षांत एकदाही तिने "साक्ष?" हा प्रश्न ऐकला नाही.

धाकटीची दुसरी सवय घरात सगळ्यांना ठाऊक होती. ती वस्तू उसनी नेई. "वहिनी, दोन दिवसांत देते हं," म्हणून छत्री गेली, मोठं पातेलं गेलं, पाहुण्यांची सतरंजी गेली. निळ्या मुठीची इस्त्री गेली, ती तर पट्टीबाईने पहिल्या पगारात घेतलेली. पट्ट्या शिवल्या की त्यांच्या कडा त्याच इस्त्रीने बसत. दोन दिवसांची दोन वर्षं झाली. पट्टीबाई आपली पितळी तांब्यात गरम पाणी भरून पट्ट्यांवर फिरवी. एकदा तिने विषय काढला, तर धाकटी मनापासून गोंधळली. "कुठली इस्त्री? आमच्याकडे आहे ती? ती आमचीच नाही का?"

त्या आठवड्यात पट्टीबाईने भांडखोर, चुगलखोर यांच्या निळ्या 'खोर'पुढे एक पांढरी पट्टी स्वतःच लावून बघितली. पोरांनी साक्ष मागितली. साक्ष नव्हती. "डब्यात!" पोरं ओरडली, आणि तिने मुकाट्याने तो डब्यात टाकला. त्या डब्यातला तेवढा एकच शब्द तिचा स्वतःचा.

आणि मग वही गेली. "वहिनी, रविवारी वाचून सोमवारी देते." त्यानंतर धाकटीची बदली शिक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रात झाली, बढती झाली, आणि सोमवार काही उगवला नाही.

चार वर्षांनी सुट्टीतल्या एका दुपारी धाकटी आली ती हातात कागदांचा गठ्ठा घेऊन.

"वहिनी, तुमची नजर म्हणजे घारीची. एवढी मुद्रितं बघून द्या ना. फक्त ऱ्हस्व-दीर्घ हं, बाकी काही बघायचं नाही. समितीने पसंत केलं की सगळ्या शाळांत लागणार आहे."

पहिल्या पानावर पुस्तकाचं नाव होतं आणि त्याखाली धाकटीचं नाव, पदव्यांसकट. पट्टीबाईने पान उलटलं. लाल पट्टी, पांढरी पट्टी, निळी पट्टी. दारात उभा राहणारा 'बे'. भेट देणारा 'उपहार'. तिचं एकूण एक वाक्य, तिच्या वर्गातल्या विनोदांसकट. प्रस्तावनेच्या शेवटी, टंकलेखन करणाऱ्या मुलीच्या आणि चहावाल्याच्या मधोमध एक ओळ: 'थोरल्या जाऊबाईंच्या सहकार्याबद्दल आभार.'

"माझी वही कुठे आहे गं?" तिने विचारलं.

"कुठली वही?" धाकटी म्हणाली. आणि वाईट हे, की ती खोटं बोलत नव्हती. तिच्याकडे आलेली वस्तू तिची होत असे.

पट्टीबाईने चहा टाकला. कपात गाळला. सव्वीस वर्षं शिवलेल्या पट्ट्या, सुया टोचून खरखरीत झालेली बोटं, आणि एका ओळीत आभार. संताप असा पेटला होता की तिला वाटलं, चहा गॅसवर ठेवायची गरजच नव्हती.

"ठेव," ती म्हणाली. "बुधवारी घेऊन जा."

ती जेवणाच्या टेबलाशी उन्हात तीन दुपारी बसून होती. एकशे आठ पानांपर्यंत प्रत्येक वेलांटी, प्रत्येक उकार तपासला. एकशे नववं पान उलटलं आणि तिचा हात थांबला. तिथे धाकटीने एक भारदस्त मथळा दिला होता: 'भाषेतील दुर्मीळ शब्द'. खाली उपसासू, कुचहा, गैरझोप, पुनर्रुसवा. अर्थ आणि वाक्यांसकट, सगळेच्या सगळे एकेचाळीस. डबा पुस्तकात सांडला होता. आणि पान एकशे बारावर तिचा स्वतःचा शब्द, त्याच्या वाक्यासकट. धाकटीने मागच्या पानांवरचे पहिले दोन-चार शब्द बघून मथळा ठोकला असणार आणि पुढचं न वाचताच वही टंकलेखनाला दिली असणार. नाहीतर ते वाक्य वाचून तिने ते ठेवलं असतं का?

पट्टीबाई खुर्चीत मागे टेकली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करी. घरातच समोरच्या खोलीत त्याचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावूनच त्याने विचारलं, "काय झालं?"

तिने सांगितलं. त्याने भिंग काढलं.

"अगं, मग सांगून टाक तिला. तोंडावर पडेल ना बिचारी. घरातली आहे."

"मला ऱ्हस्व-दीर्घ बघायला सांगितलंय. मी ऱ्हस्व-दीर्घ बघतेय."

"वा! म्हणजे डोळ्यांदेखत विहिरीत जाऊ द्यायचं?"

"सव्वीस वर्षं मी पट्ट्या शिवल्या, तेव्हा तुम्ही मधूनमधून दोरा ओवून दिलात. तुमचं नाव तरी आहे का त्यात? टंकलेखिकेचं आहे. चहावाल्याचं आहे."

नवऱ्याने भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. तीस वर्षांच्या संसारात केव्हा गप्प बसावं हे त्याला घड्याळाइतकंच नेमकं कळत असे.

एकशे बाराव्या पानावर 'उसनेखोर' या शब्दात पहिलं अक्षर चुकून दीर्घ पडलं होतं. पट्टीबाईने लाल शाईने ते ऱ्हस्व केलं, समासात नीट खूण केली आणि फुंकर घालून शाई वाळवली. इतक्या मायेने तिने आजवर कुठलीही चूक दुरुस्त केली नव्हती.

बुधवारी धाकटी येऊन गठ्ठा घेऊन गेली. "एकही चूक राहिली नाही ना वहिनी?"

"तू बघायला सांगितलीस त्यातली एकही नाही."

समितीपुढे पुस्तक मांडायचा कार्यक्रम प्रशिक्षण केंद्राच्या सभागृहात होता, दुपारी तीनला. दोनशे शिक्षक, मंचावर समितीची पाच माणसं, मधोमध अध्यक्षा: चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या, किरकोळ अंगाच्या एक वयस्क बाई. दुसऱ्या रांगेत घरची मंडळी बसली होती. दीर नवा कोट घालून, सासूबाई टेकायची काठी मांडीवर आडवी धरून, शेजारी त्यांचा थोरला, घड्याळजी, आणि कडेला पट्टीबाई. तिने नेहमीची साधी साडी नेसली होती आणि मांडीवर पिशवी होती. पिशवीत डबा.

धाकटी बोलली मात्र सुरेख. पडद्यावर लाल, पांढरे, निळे चौकोन सरकत होते. "ही पद्धत मला वर्गात शिकवता शिकवता सुचली," ती म्हणाली. सासूबाईंनी थोरलीकडे बघितलं. थोरली समोर बघत होती.

मग प्रश्नांची वेळ आली. कोणी विचारलं, चौकोन मोठे छापता येतील का. कोणी विचारलं, शिक्षकांना प्रती फुकट मिळतील का. मग दुसऱ्या रांगेच्या कडेचा हात वर गेला.

"पान एकशे बारा," पट्टीबाई उभी राहून म्हणाली. "वरून तिसरा शब्द. वर्गात वाचतात तसा मोठ्याने वाचून दाखवता का? शब्द, अर्थ आणि वाक्य."

धाकटी गोड हसली. घरचाच माणूस, सोपा प्रश्न. तिने पान काढलं.

"उसनेखोर. अर्थ: वस्तू उसनी नेऊन परत न देण्याची सवय असलेली व्यक्ती. वाक्य: 'आमच्या घरच्या उसनेखोर बाईने माझी निळ्या मुठीची इस्त्री दोन दिवसांसाठी नेली आणि ती आता...'"

आवाज तिथे अडकला. पण डोळे पुढे गेले होते आणि ओठ आपसूक पुटपुटून मोकळे झाले, "...ती आता स्वतःचीच समजते."

तेवढ्यात सासूबाई, ज्यांना हळू बोलणं म्हणजे काय हे आयुष्यात माहीत नव्हतं, ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "अगं बाई! ही तर थोरलीची इस्त्री!"

कोणीतरी फसकन हसलं. दीर कोटाचं बटण घट्ट धरून बसला.

"आई, थांबा," पट्टीबाई म्हणाली, आणि मंचाकडे वळून तिने वर्गातल्या आवाजात विचारलं, "साक्ष?"

धाकटी पान पुढेमागे करू लागली. तिला प्रश्नच कळला नाही. तीन वर्षांत तिने तो ऐकलाच नव्हता.

"हा शब्द कोणी ऐकलाय? कोणी वाचलाय? दोन साक्षी द्या. उपसासू कोणी ऐकलंय? गैरझोप?"

सभागृहाच्या मागच्या बाजूने एक मोठा बाप्या उभा राहिला. मिशा पिकायला लागलेल्या, हातात शिक्षकाची डायरी. मग डाव्या कोपऱ्यातून एक बाई उठली. मग खिडकीजवळची दोघं. सगळे कधी ना कधी तिच्या चौथीत बसलेले. त्यांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही. एका सुरात, दहा वर्षांच्या पोरांसारखे, ते ओरडले, "डब्यात!"

पट्टीबाईने पिशवीतून डबा काढून मंचाच्या काठावर ठेवला आणि झाकण उघडलं. अध्यक्षांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. खाली वाकून एकेक पट्टी उचलून त्या पुस्तकातल्या शब्दांशी ताडून बघू लागल्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस. बऱ्याच पट्ट्यांचं कापड जुनं, विटलेलं, पुस्तकाच्या पहिल्या पानापेक्षा कितीतरी जुनं.

"बाई," त्यांनी धाकटीला विचारलं, "ही पद्धत तुम्हाला सुचली, म्हणालात. मग हे शब्द कोणाच्याच तोंडी नाहीत, हे तुम्हाला कसं नाही सुचलं?"

धाकटीने पाण्याचा ग्लास उचलला. रिकामा होता. तिने तो तसाच तोंडाला लावला.

पुस्तक तिथेच थांबलं. अध्यक्षा म्हणाल्या की जिची पद्धत आहे तिने ती पुन्हा मांडावी, समिती तीन महिने थांबेल. पट्टीबाई डबा पिशवीत घालून घरी आली. बसमध्ये आपल्याला वाईट वाटतंय का म्हणून तिने मन चाचपून बघितलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुठेच नव्हतं. उलट भूक चांगली लागली होती.

रविवारी दीर आला. हातात पिशवी, चेहरा पडलेला.

"वहिनी, ती दोन दिवस जेवली नाही."

"भाऊजी, चहा घेता?"

"चहा राहू द्या. झालं ते झालं. केंद्रात सगळे हसतात तिला. कोणीतरी तिच्या टेबलावर इस्त्रीचं चित्र ठेवलं." त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "तिचं म्हणणं, आता दोघींची नावं घालू. तुमचं आधी. तिचं खाली, सहलेखिका म्हणून. घरातली गोष्ट घरात राहील."

घड्याळजीने समोरच्या खोलीतून मान वर केली. त्याला वाटलं, आता ही विरघळेल. सणकीत असली तरी मायेची आहे.

पट्टीबाईने कागद वाचला, पुन्हा घडी घातली आणि दिराच्या हातात ठेवला.

"भाऊजी, शब्दाच्या दारात कोणाला उभं करायचं ते मी पोरांना शिकवते. 'लेखिका'च्या दारात तिचा 'सह' मी नाही उभा करणार. पाच वाजून दहाच्या बससाठी तिने रोज दहा मिनिटं वाचवली, त्यातलं एक मिनिट थांबली असती तर आज ही वेळ नसती आली."

"मग काहीच नाही? एवढं कडक, वहिनी?"

"काहीच नाही असं नाही. प्रस्तावनेत तिचं नाव घालते. आभारात." तिच्या ओठांच्या कडेला जे आलं ते दिराने आयुष्यभर ध्यानात ठेवलं. "टंकलेखिकेच्या आणि चहावाल्याच्या मधोमध. एक ओळ."

दीर उठला. जाताना त्याने पिशवी टेबलावर ठेवली. "हे तुमचं. तिने दिलंय."

आत निळ्या मुठीची इस्त्री होती. मूठ झिजलेली, वायरला तीन ठिकाणी चिकटपट्टी, आणि तळाला काळा डाग. काहीतरी जाळलेलं असणार आणि पुसायचं राहून गेलेलं. वही नव्हतीच. वही कधीच मिळाली नाही. पट्टीबाईने नवी वही आणली आणि पहिल्या पानापासून आठवून आठवून पुन्हा लिहायला बसली. आता तिला घाई नव्हती. तीन महिने तिचे होते.

महिन्याचा पहिला शनिवार आला. वर्गात तिने टेबलाखालचा डबा वर काढला.

"कोणाला साक्ष मिळाली?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग तिने स्वतःच एक पट्टी बाहेर काढली. पट्टी चुरगळलेली होती म्हणून सकाळी घरी तिने तिच्यावर इस्त्री फिरवली होती, आणि इस्त्रीच्या तळाचा काळपट डाग पांढऱ्या कापडावर बरोब्बर मधोमध उमटला होता. तिने तो धुतला नाही.

"उसनेखोर," पोरांनी वाचलं. "साक्ष, बाई?"

"दोनशे," पट्टीबाई म्हणाली. "दोनशे शिक्षकांनी, एका सभागृहात, मोठ्याने वाचलेला ऐकला. आता तर केंद्राच्या व्हरांड्यात रोज म्हणतात म्हणे."

पोरांनी टाळ्या पिटल्या. तिने खुर्चीवर चढून ती पट्टी भिंतीवर लावली, डागासकट, दाराच्या अगदी समोर. मागे होऊन बघितली, एक कोपरा वर होता तो सरळ केला, आणि मग खाली उतरून पुढचा शब्द घेतला.